इराणी खुर्चीची डागडुजी: बैठक विणून झाली, पाठीची आतली कमान बाकी

मंडळी, खुर्ची आता बसण्याजोगी झाली आहे. ऑइल पेंट उतरला, पायांमधलं कडं घट्ट बसलं, बैठक नव्या वेताने विणून झाली. पाठीतली आतली कमान मात्र खुर्ची मिळाली तेव्हापासूनच नाही. ती नव्याने वाकवायची आहे आणि सध्या सगळा जीव त्यात अडकला आहे.

खुर्ची ठाण्याच्या नौपाड्यातली. इथे गल्लीगल्लीत पुनर्विकास चालू आहे, आणि इमारत रिकामी होऊ लागली की पहिल्यांदा बाहेर पडतं ते लाकूड. नव्या फ्लॅटचं फर्निचर आधीच ठरलेलं असतं, जुनं कोणी नेत नाही. भंगारवाल्याच्या हातगाडीवर उलटी ठेवलेली ही खुर्ची ८०० रुपयांना मिळाली. वर प्लायची गोल चकती खिळ्यांनी ठोकलेली होती, सगळ्या अंगावर तपकिरी रंगाचे जाड थर. पण मागचे पाय आणि पाठीची कमान एकाच दांड्याची आहे, कुठेही जोड नाही, हे लांबूनही दिसत होतं. एवढं दिसल्यावर घासाघीस करायचा धीर राहिला नाही.

मुंबईत कयानी किंवा ब्रिटानियासारख्या इराणी कॅफेंत ज्या खुर्च्या दिसतात, त्याच घराण्यातली ही. त्या घराण्याचा मूळ पुरुष मिखाएल थोनेट. जन्म १७९६, जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. १८३० च्या दशकात तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक चिकटवून साच्यात वाकवत असे. १८४१ मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिख याने त्याचं काम पाहिलं आणि त्याला व्हिएन्नाला बोलावून घेतलं. पुढे मुलांच्या नावाने कंपनी निघाली. पण चिकटवलेल्या पट्ट्यांची एक अडचण होती: दमट हवेत सरस सुटतो. समुद्रापार उष्ण प्रदेशात माल पाठवायचा, तर असली खुर्ची टिकणार नव्हती. ठाण्याचा जुलै ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते.

म्हणून थोनेट अख्ख्या लाकडाकडे वळला. मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोलाचा वाटतो तो हा टप्पा. वाफेवर मऊ झालेलं लाकूड दाबलं तर पुष्कळ आखडतं, पण ताणलं तर जेमतेम दोनेक टक्के ताणलं जातं. दांडा वाकवला की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते, म्हणून तो बाहेरूनच फाटतो. थोनेटने दांड्याच्या बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी लावली आणि दोन्ही टोकांना घट्ट अडकवली. पट्टी ताणली जात नाही, त्यामुळे लाकडालाही ताणता येत नाही, सगळं वाकणं दबण्यातून होतं. १८५६ मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं आणि मोराव्हियातल्या (आताचं चेक प्रजासत्ताक) कोरिचानी गावी, बीच नावाच्या झाडांच्या जंगलांजवळ, कारखाना उभा राहिला.

मी हे करून पाहिलं. एकाच फळीतून कापलेल्या दोन काठ्या, दोन्ही सारख्याच वेळ वाफवलेल्या. एक मुद्दाम पट्टीशिवाय वाकवली: साच्याच्या निम्म्यावर येईपर्यंत बाहेरून लांब चिरफळी उठली. दुसरीला पत्र्याची पट्टी लावली, टोकांना लाकडी ठोकळे कसले, आणि ती पूर्ण गोलाईत बसली. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बारीक सुरकुत्या लागतात, दबलेल्या तंतूंच्या. मग खुर्चीच्या मोठ्या कमानीच्या आत बोट फिरवलं, रंग उतरवलेल्या जागी, आणि तिथेही त्याच सुरकुत्या लागल्या. त्या क्षणी काय वाटलं ते तुम्हा लोकांनाच कळेल.

आता खुर्ची सुटी करण्याबद्दल. १८५९ ची क्रमांक १४ ची खुर्ची, जिच्यावरून पुढची सगळी पिलावळ निघाली, ती सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी राहते असं सांगतात. सरस नाही, सांधे नाहीत. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या मावत, आणि पोचतील तिथे कोणीही त्या जोडून घ्यायचा. स्वस्त पडली ती यामुळे. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. १८६९ मध्ये पेटंटचे हक्क संपल्यावर कोह्‌नसारखे कारखानेही याच धंद्यात उतरले, त्यामुळे प्रत्येक वाकवलेली खुर्ची थोनेटचीच असेल असं नाही. शिक्का किंवा कागदी चिठ्ठी असते ती बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला. माझ्या खुर्चीच्या तिथे रंगाखाली फक्त एक दबलेली रेघ आहे, त्यावरून नाव लावण्याचं धाडस मी करणार नाही. लाकूड मात्र बीचच आहे: फिकट गुलाबीसर, आणि त्यावर तिळाएवढ्या बारीक तपकिरी रेघा. सागात त्या दिसत नाहीत.

स्क्रू नीट पाहा, ते वय सांगतात. माझ्या खुर्चीचे स्क्रू एक सोडून सगळे सपाट खाचेचे, मायनसवाले. एक मात्र स्टार. फिलिप्सचा स्टार स्क्रू बाजारात आला तो १९३० च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे तो एक नंतरच्या दुरुस्तीचा. तो मी काढलेला नाही. कोणीतरी ही खुर्ची एकदा वाचवली होती, त्याची ती खूण आहे.

प्लायची चकती काढली तेव्हा खाली कड्यावर गोल ओळीने भोकं निघाली. ७६ आहेत. म्हणजे मूळ बैठक वेताचीच, जाळी फाटल्यावर कोणीतरी वरून प्लाय ठोकला. तुमच्याकडे अशी प्लाय ठोकलेली खुर्ची असेल तर चकतीखाली टॉर्च मारून बघा, बऱ्याचदा भोकं शाबूत असतात.

वेताची जाळी युरोपात मुळात नव्हतीच. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून आग्नेय आशियातला वेत तिकडे पोचला, आणि लंडनमध्ये जाळीच्या खुर्च्यांची चाल पडली. हलकी, हवा खेळणारी, गादीसारखी कसर न लागणारी. लाकडावर चढवलेली लाखेची झिलई तर आपल्याकडचीच. युरोपातलं लाकूड, पूर्वेकडचा वेत आणि हिंदुस्थानातली लाख असा माल अंगावर घेऊन ही खुर्ची नौपाड्यात आली. आणि इथे आपण तिला भंगारात काढतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विणायला शिकलो ते कळव्याच्या एका काकांकडून. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याचं काम आपल्याकडे वर्षानुवर्षं दृष्टिहीन कारागिरांनी सांभाळलं. काका त्यांपैकीच, आता निवृत्त. मी वेत हातात दिला तर त्यांनी तो अंगठ्याच्या नखावरून एका बाजूने ओढला, मग दुसऱ्या बाजूने.

"हं, ही बाजू अडते. लागतंय का?"

"थोडं लागतंय काका."

"गाठीवर अडते. त्या बाजूने ओढलास तर धागा उसवेल, आणि शेजारचाही कापेल. डोळ्याने नको बघूस, नखाने बघ."

तेव्हापासून प्रत्येक पट्टी भिजवण्याआधी नखाखालून जाते. कोमट पाण्यात वीस ते तीस मिनिटं पुरतात, जास्त ठेवलं तर वेत काळवंडतो. चकचकीत बाजू कायम वर. गोल बैठकीत समोरासमोरची मधली भोकं शोधून तिथून सुरुवात करायची, नाहीतर जाळी एका बाजूला सरकते. पहिला थर पुढून मागे, दुसरा आडवा त्याच्यावर, तिसरा पुन्हा पुढून मागे पण पहिल्याच्या जरा बाजूला. इथपर्यंत विणकाम नाहीच, नुसते थर. चौथ्यात आडवी पट्टी वरखाली घालत न्यायची, आणि इथे बोटं सोलून निघतात. मग दोन तिरके थर, आणि त्यांनी ते आठ कोनांचं भोक उमटतं. शेवटी कडेला जाड वेताची पट्टी बांधून सगळी भोकं झाकायची.

भोकातली पट्टी सुटू नये म्हणून मी बांबूच्या खुंट्या तासल्या. तिरक्या थराच्या वेळी काकांनी बैठकीवर तळवा फिरवून डावीकडची एक ओळ उसवायला लावली. "इथे तिरका वर गेलाय, खाली पाहिजे." मला ती ओळ इतर ओळींसारखीच दिसत होती. उसवून पुन्हा घातली तेव्हा पट्टी अक्षरशः सरकन गेली. तिरका बरोबर पडला की घर्षण होत नाही, चुकला की प्रत्येक छेदावर अडकतो. तपासायची ही सोपी रीत आहे. विणताना जाळी किंचित सैल वाटली तरी घाबरू नका. वेत वाळताना आखडतो, दुसऱ्या दिवशी टिचकी मारली की खणखणीत वाजते.

रंगाबद्दल थोडक्यात: हीट गनने वरवरचा ऑइल पेंट, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडणं. खाली जुनी लाख होती. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून घासला की लाख विरघळून तो तपकिरी होतो, त्यावरून ओळखायची. ती पूर्ण काढली नाही. काचपेपर मशीनने लावू नका, कडांची गोलाई जाते. भुंग्याची भोकं मागच्या एका पायात होती, बीचला कीड पटकन लागते. औषध भरून प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलं, आता पीठ पडत नाही.

राहिली आतली कमान. मोठ्या कमानीच्या आतून कागदावर आकार उतरवला, त्यावरून प्लायचा साचा कापला. बाजारात स्टीम बीच म्हणून मिळतं ते भट्टीत वाळवलेलं असतं आणि वाकवताना कुरकुरतं. त्यामानाने हवेवर वाळवलेला, थोडी ओल राखून असलेला दांडा फार बरा. जाडी एक इंचाच्या आत आहे, तेव्हा तासभर वाफ पुरेल. वाफेची पेटी पूर्ण बंद करायची नाही, एका टोकाला भोक ठेवायचंच. साच्यातून काढायची घाई केली तर कमान पुन्हा उघडते, म्हणून पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावरच वाकवणार आहे.

तोवर दोन गोष्टी हव्या आहेत. ठाणे, कळवा, वाशी कुठेही हवेवर वाळवलेलं बीच किंवा अ‍ॅशचं लाकूड सुट्टं विकणारा कोणाला ठाऊक असेल तर कळवा. आणि कोणाकडे आतली कमान शाबूत असलेली जोडीदार खुर्ची असेल तर कमानीची टोकं बैठकीला नेमकी कुठे टेकतात त्याचं माप आणि खालून काढलेला फोटो पाठवा. माझ्या कड्यावर तिथे दोन जुनी भोकं आहेत, पण नंतरच्या खिळ्यांनी ती इतकी फाटली आहेत की मूळ मध्यबिंदू कळत नाही.