सातवा रकाना

जुन्या लष्करी नोंदी संगणकावर चढवायचं माझं काम. त्या दिवशी समोर आली बोअर युद्धातल्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या युद्धातल्या, एका ब्रिटिश फील्ड हॉस्पिटलची मृत्युनोंदवही. गाव ब्लूमफाँटेन, महिने एप्रिल आणि मे १९००.

पहिल्या नावापुढे कारण होतं ‘एंटेरिक’, म्हणजे विषमज्वर, आजचा टायफॉइड. दुसऱ्यापुढेही तेच. पुढे कारकुनानं शब्द लिहायचंच सोडलं होतं. फक्त ‘वरीलप्रमाणे’च्या दोन बारीक रेघा, पानाच्या तळापर्यंत. वयं एकोणीस, बावीस, वीस. तीन पानांत गोळी लागून गेलेला एकच सापडला.

हात चालेना, म्हणून मागचे संदर्भ काढून बसले. फेब्रुवारीत पार्डेबर्गला ब्रिटिश फौजेनं बोअरांना मॉडर नदीकाठी वेढलं होतं. वरच्या अंगाला बोअरांच्या तळावरची मेलेली घोडी-बैलं नदीत पडलेली, आणि खालच्या अंगाला तहानलेली पलटण तेच पाणी पीत होती. उकळायला त्या उघड्या माळावर जळण कुठलं? १३ मार्चला फौज ब्लूमफाँटेनमध्ये शिरली तेव्हा आजार तिच्या पोटातच होता. त्यात ३१ मार्चला शहराबाहेरच्या सॅनाज पोस्टला बोअरांनी शहराचा पाणीपुरवठाच ताब्यात घेतला आणि सगळी भिस्त जुन्या विहिरींवर आली. माणसं हजारोंनी आजारी पडली. ब्रिटिश डॉक्टर अॅल्मरॉथ राइटची विषमज्वरावरची लस तेव्हा होती, हे मला सर्वांत जास्त लागतं. पण ती ऐच्छिक होती. टोचल्यावर ताप येतो, दंड ठणकतो, म्हणून फारच थोड्यांनी घेतली.

पाचव्या पानावर अक्षर बदललं. आधीचं तिरकं, वळणदार. नंतरचं उभं, घाईचं. कारण नोंदवहीत नाही. त्याच पानावर दोन नावांपुढे हुद्दा आहे ‘हॉस्पिटल ऑर्डर्ली’, म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा. कारण, वरीलप्रमाणे. त्या पानावर मी बराच वेळ थांबले.

आमच्या तक्त्यातला सातवा रकाना होता ‘युद्धात मृत्यू : होय / नाही’. नियमाप्रमाणे आजारानं गेलेल्यांपुढे ‘नाही’ यायला हवं होतं. सव्वीस वेळा ‘नाही’ टाकलं आणि मग सरांकडे गेले.

“सर, ही मुलं युद्धात नाही तर कशात गेली?”

“नियम सगळ्या वह्यांना सारखाच आहे. लढाईत मेला की नाही, एवढंच विचारलंय.”

“तसं विचारलेलं नाही, सर. रकान्यात ‘युद्धात’ लिहिलंय. या युद्धात ब्रिटिशांचे सुमारे २२,००० सैनिक गेले, आणि त्यांतले निम्म्याहून कितीतरी जास्त आजारानं. मग आपल्या तक्त्यात ते कुठे दिसणार?”

सरांनी ती पानं स्वतः चाळली. अक्षर बदललेल्या पानावर तेही थांबले. संध्याकाळी तक्ता बदलून आला : ‘लढाईत’, ‘जखमांमुळे’, ‘आजारानं’.

मी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. कारकुनाच्या दोन रेघांच्या जागी प्रत्येकापुढे पूर्ण शब्द लिहिला, विषमज्वर.