घोडबंदर रोड : बोरिवलीहून ठाण्याला, डोंगराला वळसा घालून

बोरिवली आणि ठाणे नकाशात बघितलं तर अगदी शेजारी शेजारी, मधे फक्त संजय गांधी नॅशनल पार्कचा डोंगर. पण तो आहे १०४ चौरस किलोमीटरचा आणि त्यातून आरपार गाडीरस्ता नाही, त्यामुळे एकतर लोकलने दादरपर्यंत खाली जाऊन परत वर यायचं, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, नाहीतर वरून घोडबंदर. मला वरचा रस्ता आवडतो. ट्रॅफिक काय असतं ते माहीत असून आवडतो, कारण मुंबईच्या इतक्या जवळ एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडी असा रस्ता दुसरा नाही.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेकडून सकाळी बस पकडली आणि डावीकडची खिडकी मिळवली. दहिसर नाका, काशिमिरा, इथपर्यंत नेहमीचा हायवे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फाउंटन हॉटेलच्या चौकात सरळ गेलं की वर्सोवा पूल ओलांडून अहमदाबादकडे आणि उजवीकडे वळलं की आपला रस्ता सुरू. कागदावर हा राज्य महामार्ग ४२, घोडबंदरपासून माजिवड्यापर्यंत, जेमतेम २० किलोमीटर. वांद्र्यापासून वर येणारा आपला एस.व्ही. रोडसुद्धा पूर्वी घोडबंदर रोडच होता, जुन्या लोकांच्या तोंडात अजून तेच नाव येतं. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला आणि मुंबई बेटातली माणसं गाडीने साष्टीत, म्हणजे उत्तरेच्या मोठ्या बेटावर, यायला लागली, त्याच्या पुढचा हा सगळा पट्टा.

मी फाउंटनला उतरलो आणि आधी रिक्षाने घोडबंदर गावात गेलो, कारण रस्त्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव न बघता पुढे जाणं मला पटत नाही. गावातल्या टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. फार मोठा नाही, पण वर गोल बुरुजापाशी उभं राहिलं की किल्ला इथेच का बांधला ते लगेच कळतं. उल्हास नदी ठाण्याजवळ दोन वाटांनी फुटते, एक दक्षिणेला ठाण्याची खाडी होऊन जाते आणि दुसरी पश्चिमेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे समुद्रातून ठाणे-कल्याणकडे या वाटेने जाणारं गलबत या टेकडीखालूनच जाणार. इथे अरबांशी घोड्यांचा व्यापार चालायचा असं सांगतात. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं, घोडबंदरही त्याच मोहिमेत आलं आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी मराठ्यांच्या हातून गेली. वसईच्या किल्ल्यावर सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, इथे मात्र मी गेलो तेव्हा दोन-तीन पोरं आणि मी, एवढेच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण वसईची मोहीम समजून घ्यायची तर हा किल्ला बघायलाच हवा.

परत फाउंटनला येऊन ठाण्याची बस पकडली. इथून घाट सुरू होतो. उजवीकडे पार्कचा डोंगर, डावीकडे नागला बंदरचं जंगल, तेही पार्कचाच भाग आणि त्याच्या पलीकडे खाडी. म्हणजे रस्ता जंगलाच्या मधून गेलाय आणि बिबट्याला इकडून तिकडे जायचं तर हाच ओलांडावा लागतो. इथे गाडीखाली येऊन बिबटे मेलेत.

गायमुखच्या अलीकडे चढावर बस थांबली ती थांबलीच. पुढे एक कंटेनर बंद पडलेला, मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावलेले, त्याच्या मागे रस्त्यात झाडाची एक हिरवी फांदी टाकलेली आणि क्लीनर हाताने गाड्यांना बाजूने जा बाजूने जा करतोय. ड्रायव्हर खाली, अंगावर ऑइलचे डाग, बोलायच्या मनस्थितीत नाही. एवढ्या एका गाडीने मागे फाउंटनच्या दिशेने रांग लागली. शेजारी बसलेले काका कासारवडवलीचे, ते म्हणाले, "अहो हे रोजचंच आहे. आम्ही लहान असताना संध्याकाळनंतर या रस्त्याला माणूस दिसायचा नाही, आता रात्री दोनलाही रस्ता ओलांडता येत नाही."

याचं कारण सरळ आहे. उरणच्या जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारा माल कळवा, ठाणे करत याच रस्त्याने अहमदाबाद हायवेला लागतो आणि त्याच रस्त्यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पातलीपाडा, वाघबीळ, ओवळा इथे टॉवरच्या रांगा उभ्या राहिल्या. कंटेनरवाला पण त्याच लेनमध्ये आणि ऑफिसला निघालेली माणसं पण त्याच लेनमध्ये. दिवसा अवजड गाड्यांना बंदी घालतात, मग त्या रात्री एकदम सुटतात आणि पावसाळ्यात घाटाचा पृष्ठभाग उखडला की बंदी असो नसो, सगळंच अडकतं. मला वाटतं मालाला वेगळी वाट दिल्याशिवाय इथलं काही सुटणार नाही, कितीही पूल बांधा.

गायमुखला चौपाटी केलीय, खाडी तिथे चांगली रुंद दिसते. कासारवडवलीपासून पुढे मात्र डोक्यावर मेट्रो ४ चा मार्ग आणि खाली बॅरिकेड, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा सगळं एकसारखं. काका कासारवडवलीला उतरले, उतरताना "जपून जा हो" म्हणाले.

आता डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा होतोय, मागाठाण्यापासून टिकुजिनीवाडीपर्यंत, जोडरस्त्यासकट ११.८ किलोमीटर. तो झाला की तासाभराचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांवर येईल म्हणतात. रोज जाणाऱ्यांना तो हवाच आहे, त्यांच्यासाठी मलाही हवाय. पण कंटेनर गुजरातकडेच जाणार, म्हणजे ते घाटातच राहणार. तुम्हाला हा रस्ता बघायचा असेल तर रविवारी सकाळी लवकर निघा, पावसाळ्याच्या शेवटी, बोरिवलीहून बसणार असाल तर डावी खिडकी घ्या आणि किल्ल्यासाठी दोन तास वेगळे ठेवा. गावात हॉटेल शोधत बसू नका, फाउंटनलाच खाऊन घ्या.