पंक्तिप्रपंच

दुपारी कुरिअरवाला लग्नपत्रिका देऊन गेला. कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं, आणि माथ्यावर मधोमध ॥ श्री मोहिनीराज प्रसन्न ॥. नेवाशाकडची मंडळी, मोहिनीराजाचं देऊळ तिथलंच, त्यात नवल काय? तरी लवंडता लवंडता मी तेवढीच ओळ परत परत वाचत राहिले. ज्या देवानं बाईचं रूप घेऊन अख्खं असुरकुळ भुलवलं, त्याच्या आशीर्वादानं एक मुलगा 'नातिचरामि' म्हणणार!

आपलं हे असंच. भुलवणारी देव्हाऱ्यात असली की मोहिनीराज. गोव्यात म्हार्दोळला तीच महालसा, गळ्यात चक्क जानवं. आणि गल्लीतली असली की 'नादी लावणारी'. आमच्या ओटीवर तांदूळ निवडताना आत्या-मावश्या आवाज खाली आणून म्हणायच्या, "तिनंच नादी लावलं हो त्याला." तो मात्र कायम भोळा. फार तर रंगेल. आणि रंगेल म्हणतानाही सुपातले हात थांबायचे ते हसण्यासाठी. मला तेव्हा नाद म्हणजे घंटेचा एवढंच ठाऊक. बाई कुणाला घंटेला कशी लावते, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

आजीला मोहिनीची गोष्ट मनापासून आवडायची. म्हणजे बघा, ज्या बाईला पंक्तिप्रपंचाइतकं पाप दुसरं वाटत नसे, तिला! पंगतीत वाढताना ती तुपाच्या तांबलीवर डोळा ठेवून असे. पळी प्रत्येक पानावर सारखी कलायला हवी. जावयाच्या वरणावर धार जरा लांबली की वाढणाऱ्या काकूला पुढच्या बाराही पानांवर तशीच लांबवावी लागे, मग तूप तळाला जावो. आणि रात्री हीच आजी रंगवून सांगणार : मोहिनीनं देवांची एक रांग केली, असुरांची एक केली, आणि अमृत एकाच रांगेला वाढलं. राहू सूर्य-चंद्रांच्या मध्ये हळूच जाऊन बसला, तर त्याचं डोकं उडवलं. "पण आजी, हा पंक्तिप्रपंच नाही का?" "ते राक्षस होते," आजी म्हणायची, आणि पाठीवर थापटण्याचा वेग वाढवायची.

नेवासं गाव मोठं गमतीचं. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती तिथेच, प्रवरेच्या काठी. प्रवरेला लोक अमृतवाहिनी म्हणतात. विवेक आणि मोह एकाच वेशीच्या आत नांदताहेत, कुणाची तक्रार नाही.

पुढे भागवताचा आठवा स्कंध वाचला तेव्हा आजीनं गाळलेला भाग सापडला. मोहिनी असुरांना आधीच बजावते : माझ्यासारखीवर विश्वास काय ठेवता? ते हसतात आणि अमृताचा कलश तिच्याच हातात देतात. ती पुढे म्हणते, मी बरं करीन, वाईट करीन, ते मान्य असेल तरच वाढते. ते म्हणतात, मान्य. एवढं तोंडावर सांगून फसवणारी व्यक्ती मी तरी दुसरी पाहिली नाही. साडीच्या दुकानातला माणूससुद्धा "ताई, घ्यायची नसली तरी बघून तर घ्या" यापलीकडे जात नाही.

मंथनात घाम दोघांचाही गाळून झाला होता. वासुकीचं तोंड असुरांच्या बाजूला, त्यामुळे त्याचे विखारी फूत्कार सोसले तेही त्यांनीच. मग न्हाऊनधुऊन, नवी वस्त्रं नेसून ते दर्भांवर ओळीनं बसले. समोरून कलश पलीकडच्या रांगेकडे गेला, तो तिकडेच रिकामा होत राहिला. त्यांना ते दिसत होतं. भागवतकार सांगतात, बाईशी भांडणं त्यांना लाजिरवाणं वाटलं, तिच्यावर जीवही जडला होता, आणि शब्द दिला होता. म्हणून ते गप्प बसून राहिले.