तुम्ही विचारलंत म्हणून: पाड्यावर सिकलसेल समजावता कसा?

जळगाव-धुळ्याकडे कुणी भेटलं की विचारतंच, "धडगावकडच्या पाड्यांवर सिकलसेल समजावता तरी कसा? त्यांना कळतं का?" सिकलसेल म्हणजे आईबापाकडून लेकरात उतरणारा रक्ताचा आजार. माझी बोली अहिराणी, त्यांची पावरी. आधी मलाही वाटायचं, अडचण काय ती भाषेचीच.

आमच्या पत्रकात 'वाहक' असा शब्द होता. वाहक म्हणजे एसटीत तिकीट देणारा, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक! शेवटी पाड्यावरच्या आशाताईने मक्याचे दाणे पुढ्यात मांडले. लेकराला एक दाणा आईचा, एक बापाचा. मी 'किडका दाणा' म्हणाले तशी तिने मला थांबवलं. किडकं म्हटलं की माणूसच किडका ठरतो. तिने लाल दाणा निवडला. एक लाल आला तर माणूस धडधाकट, तोच पत्रकातला 'वाहक'; दोन्ही लाल आले तर आजार. आईबाप दोघांकडे एकेक लाल असेल, तर आजाराची शक्यता चारात एक. इथे मी मुद्दाम रेंगाळते. एक पोर आजारी निघालं की लोकांना वाटतं, पुढची तीन सुटली. पण दर बाळंतपणाला दाणे नव्याने उचलले जातात.

कुणाला आणि कुठे सांगायचं, हे मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षी एका सुनेचा रिपोर्ट ओसरीवर सगळ्यांदेखत वाचला. नवऱ्याचं रक्त तपासलंच नव्हतं. पंधरा दिवसांत ती माहेरी गेली आणि दिलेलं देज, म्हणजे लग्नात मुलीच्या बापाला दिलेले पैसे, परत मागायला माणसं निघाली. पुढे नवऱ्याचाही दाणा लालच निघाला. ती परत आली, पण ते दिवस मी तिला परत देऊ शकत नाही. तेव्हापासून तपासणी दोघांची आणि सांगणं दोघांना एकत्र, दार लोटून. जुलै 2023 पासून राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. रक्त घ्यायला दोन मिनिटं पुरतात, सांगायला अख्खी दुपार लागते.

आजाऱ्याला सल्ला काय द्यायचा, तर भरपूर पाणी प्या, थंडी टाळा, अतिश्रम नकोत. आणि दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात, पहाटेच्या गारठ्यात कोयता धरतात. "काम नका करू" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निघण्याआधी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या महिन्यांच्या हिशोबाने बांधून देते. ताप, छातीत दुखणं, धाप, यातलं काही झालं तर मुक्कामाजवळचा सरकारी दवाखाना गाठायचा आणि सिकलसेलचं कार्ड दाखवायचं, हे नवऱ्याकडून नि सासूकडूनही वदवून घेते. फडावर पाण्याचा वेगळा कॅन ठेवा म्हणून मुकादमाला फोन करते.

होळीला सगळे परततात. त्या आठवड्यात मी रजा घेत नाही.