निरवाची उभी लिपी : स्वरचिन्हांची जागा ठरली

निरवा या माझ्या रचित भाषेची लिपी वरून खाली लिहायची, हे पूर्वीच ठरले होते. स्वरचिन्हे कोठे बसवावीत हा प्रश्न मात्र अडून राहिला होता, आणि तो आता सुटला आहे.

सोलापुरात दुकानांच्या उभ्या पाट्यांवर देवनागरी अक्षरे एकाखाली एक मांडलेली असतात. तेथे शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि मात्रा-उकारांमुळे अक्षरांमधील अंतर कमीजास्त होते. तेलुगूत तर जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली जात असल्याने ही अडचण अधिकच वाढते. लिपी उभी करायची तर अक्षरे जोडण्याची दिशाच बदलायला हवी, असे माझे ठाम मत झाले आहे.

फाग्स-पा लिपीने हे फार सुंदर साधले आहे. मोंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या आज्ञेने तयार झालेली आणि १२६९ मध्ये लागू झालेली ही लिपी तिबेटी लिपीवरून घडवली, म्हणजे ती ब्राह्मीच्याच कुळातली. व्यंजनात अंगभूत ‘अ’ तिनेही राखला, पण तिबेटीत व्यंजनाच्या वर किंवा खाली लागणारी स्वरचिन्हे तिने व्यंजनानंतर, त्याच स्तंभात, क्रमाने ओवली. मोंगोल लिपीत याहून वेगळी गोष्ट शिकण्यासारखी आहे : शब्दभर अखंड उतरणारा कणा, म्हणजे उभी रेघ, आणि त्यावर बसणारे दात, म्हणजे अक्षरांचे छोटे फाटे.

या दोहोंचा विचार करून मी निरवाला सलग कणा दिला, व्यंजने उजवीकडे काढली आणि स्वरचिन्हे डावीकडे, व्यंजनाच्या किंचित खाली ठेवली. त्यामुळे मागावरच्या ताण्यासारखा कणा सरळ राहतो आणि बोरू न उचलता संपूर्ण शब्द उतरवता येतो. स्तंभ मोंगोलप्रमाणे डावीकडून उजवीकडे जातात, म्हणून उजव्या हाताने लिहिताना ओली शाई पुसली जात नाही.

फाँटमध्ये अक्षरे डाव्या अंगावर आडवी काढली असून उभ्या मांडणीत ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरून सरळ होतात. युनिकोड या संगणकीय अक्षर-संकेतात कोणीही आपली चिन्हे बसवावीत म्हणून मोकळ्या ठेवलेल्या खासगी वापराच्या क्षेत्रातील चिन्हांना शब्दातील जागेनुसार आदि, मध्य व अंत्य रूपे आपोआप मिळत नाहीत. ती फाँटमध्येच, शेजारची अक्षरे पाहून रूप बदलणाऱ्या नियमांनी लावली आहेत. सध्या अंकांचे काम चालू आहे : एक अंकी संख्या कण्यावर सरळ उभी राहते, परंतु मोठी संख्या आडवी बसवल्यास स्तंभ रुंदावतो, म्हणून अंकांनाही कण्यावर जोडता येतील अशी रूपे मी काढत आहे.