उन्हाळ्यातला घाम आणि मस्करिनिक रिसेप्टर

सोलापुरात एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो. हवेचे तापमान त्वचेपेक्षा अधिक झाल्यावर शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. हा घाम सुटतो तो घर्मग्रंथींवरील मस्करिनिक रिसेप्टरांमुळे; रिसेप्टर म्हणजे पेशीवरील रासायनिक संदेश ग्रहण करणारी जागा. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडते, ग्रंथीच्या पेशीवरील एम-३ नावाच्या रिसेप्टरला चिकटते आणि पेशी पाझरू लागते. अनेक वर्षे औषधांच्या दुकानात काम केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, ज्या गोळ्या हा रिसेप्टर अडवतात त्यांच्याविषयी आपल्या शहरात, विशेषतः वयस्कर माणसांच्या घरांत, फारच कमी बोलले जाते.

या रिसेप्टरांना नाव मिळाले ते लाल छत्रीच्या एका विषारी अळंबीतील मस्करीन या द्रव्यावरून. ते १८६९ मध्ये वेगळे केले गेले. हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये ॲसिटिलकोलीनचे परिणाम दोन गटांत विभागले, एक मस्करीनसारखे आणि दुसरे निकोटीनसारखे. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नस उत्तेजित केली, त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि तेही मंदावले. नस रसायनाच्या द्वारे बोलते, हे त्यातून सिद्ध झाले. १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. आज या रिसेप्टरांचे एम-१ ते एम-५ असे पाच प्रकार ज्ञात आहेत. एम-२ हृदयाची गती कमी करतो. एम-३ लाळ, घाम, श्वासनलिका, आतडी, मूत्राशय आणि डोळ्याची बाहुली सांभाळतो. एम-१ आणि एम-४ यांचे महत्त्वाचे काम मेंदूत चालते.

महाशिवरात्रीला आपण शंकराला वाहतो तो धोतरा याच रिसेप्टरांना अडवणारी वनस्पती आहे. त्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असते. धोतऱ्याचे बी पोटात गेले की तोंड कोरडे पडते, त्वचा लाल, गरम आणि कोरडी होते, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी तुंबते, नाडी धावू लागते आणि माणूस असंबद्ध बडबडू लागतो. रिसेप्टरांची कामे उलटी करून वाचली की हीच यादी तयार होते.

तेच ॲट्रोपिन आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचा जीव वाचवते. द्राक्षबागेत किंवा इतर पिकांवर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर बंद पाडतात. मग ते रसायन साचत जाते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, अंग घामाने निथळते, उलट्या-जुलाब होतात, आणि सर्वांत घातक म्हणजे श्वासनलिका आकसून फुप्फुसे स्रावाने भरतात. डॉक्टर काही मिनिटांच्या अंतराने ॲट्रोपिन वाढवत नेतात ते छातीतील घरघर थांबेपर्यंत. बाहुल्यांचा आकार पाहून ते थांबत नाहीत. मात्र स्नायूंची दुर्बलता निकोटिनिक रिसेप्टरांमुळे येते आणि तिच्यावर ॲट्रोपिन चालत नाही, म्हणून श्वासाचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. फवारणीनंतर मळमळ आणि घाम सुरू झाला की घरी लिंबूपाणी देत वेळ घालवू नये, अंगावरचे कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे, हे मी प्रत्येक हंगामात सांगत आलो आहे.

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या रुग्णांना टायोट्रोपियमचा इनहेलर दिला जातो. ते एम-३ रिसेप्टरवरून इतके सावकाश सुटते की दिवसातून एकदा घेतले तरी पुरते. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने उरलेल्या शरीराला त्याचा त्रास कमी होतो.

गोळ्यांचे तसे नाही. पूर्व भागात विड्या वळून आणि यंत्रमाग चालवून म्हातारी झालेली माणसे एका पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन येतात. लघवी वारंवार होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन, झोप लागत नाही किंवा हातपाय झोंबतात म्हणून ॲमिट्रिप्टिलिन, पोटात मुरडा येतो म्हणून डायसायक्लोमिन, आणि त्यात सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते, परंतु चारही औषधे मस्करिनिक रिसेप्टर अडवतात आणि त्यांचा भार एकाच शरीरावर पडतो. आजींना बद्धकोष्ठता होते, त्यासाठी पाचवे औषध येते. त्या गोष्टी विसरू लागतात, घरचे म्हणतात की वय झाले. ॲल्झायमरमध्ये दिले जाणारे डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन वाढवते, आणि त्याच रुग्णाला ते अडवणारी गोळीही चालू असते, असे मी पाहिले आहे. ऐन मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या अशा माणसाचा घाम आटला तर उष्माघाताला आमंत्रणच मिळते.

हेच रिसेप्टर मेंदूत नेमकेपणाने गाठता आले तर काय साधते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. झॅनोमेलिन हे एम-१ आणि एम-४ यांना चालना देणारे औषध १९९० च्या दशकात ॲल्झायमरसाठी तपासले जात होते. त्याने भ्रम कमी होत, पण पोटाचा त्रास सोसवत नसे. पुढे त्याच्या जोडीला ट्रोस्पियम देण्यात आले, जे मस्करिनिक रिसेप्टर अडवते परंतु मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून पोटाचा त्रास आवरतो आणि मेंदूतील काम चालू राहते. या जोडीला सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनिया या भ्रम निर्माण करणाऱ्या मानसिक आजारासाठी मान्यता मिळाली. त्याआधीची या आजाराची औषधे प्रामुख्याने डोपामिन या मेंदूतील दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर अवलंबून होती, त्यामुळे मला ही फार मोठी घटना वाटते.

मूत्राशयाच्या औषधातही हाच विचार उपयोगी पडतो. वयस्कर रुग्णासाठी मेंदूत कमी जाणारे ट्रोस्पियम, किंवा मस्करिनिक मार्गच न वापरणारे मिराबेग्रॉन, असा पर्याय डॉक्टरांना विचारता येतो. गुढीपाडव्याच्या सुमारास घरातील ज्येष्ठांच्या सर्व चिठ्ठ्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या एकत्र करून एकाच डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. त्यांना न विचारता काहीही बंद करू नये, कारण कंपवातासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल अचानक सोडली तर कंप आणि ताठरपणा उसळून येतो. ती कमी करायची असेल तर हळूहळूच करावी लागते.