तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्रेशन किती हवं?

आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतोच. "काका, एस्टीमचं जुनं इंजिन मिळतंय, टर्बो बसवायचाय. कॉम्प्रेशन किती आलं म्हणजे घेऊ?" मी पटकन एक आकडा सांगावा, एवढीच पोराची अपेक्षा असते. कॉम्प्रेशन म्हणजे प्लगच्या जागी मीटर लावून सेल्फ मारला की सिलिंडरात जो दाब दिसतो तो. आकडा मला ठाऊक आहे. पण नुसता आकडा सांगून फोन ठेवला तर त्याचे पैसे बुडायची शक्यता जास्त, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी विचारत असाल तर मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाचून घ्या. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. मी इंजिनं बांधतो ती ड्रॅग आणि ट्रॅकसाठी, आणि पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

आता आकडा. एस्टीमला आणि जिप्सी किंगला आलेलं 1298 सीसीचं सोळा वॉल्वचं इंजिन घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 75.5. कॉम्प्रेशन 14 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास असावं, 12 च्या खाली जाऊ नये, आणि कुठल्याही दोन सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक नसावा. पण पनवेलला 14 दाखवणारं इंजिन कोल्हापुरात आणलं की 13 च्या जरा वर दाखवतं. इंजिनाला काहीही झालेलं नसतं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, इथली हवाच तेवढी विरळ. इंजिन गरम नसेल, बॅटरी उतरलेली असेल, चारही प्लग काढलेले नसतील किंवा सेल्फ मारताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नसेल, तरी आकडा कमीच येतो. गाडी गॅसवर चाललेली असेल तर आधी टॅपेट, म्हणजे वॉल्व दाबणाऱ्या भागाचा गॅप, बघा. गॅसवर एक्झॉस्टच्या वॉल्व सीटा झिजतात, वॉल्व वर सरकतो, टॅपेटचा गॅप संपतो आणि वॉल्व पूर्ण बसतच नाही. अशा वेळी मीटर चुगली करतो पिस्टनच्या रिंगांची आणि दोष असतो सीटांचा. टॅपेट सेट केल्याशिवाय घेतलेल्या कॉम्प्रेशनवर मी विश्वास ठेवत नाही.

म्हणून कॉम्प्रेशननंतर लीकडाऊन करायचीच. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉपला आणून धरायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के हवा गळते ते मीटरवर बघायचं. दहाच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या वर गेली तर इंजिन खोलायची तयारी ठेवायची. टक्क्यांइतकाच मी कानावर भरवसा ठेवतो. कॉम्प्रेसर भरला की बंद करून टाका, शेजारच्या ग्राइंडरवाल्याला दोन मिनिटं थांबायला सांगा आणि ऐका. थ्रॉटल बॉडीत (इंजिनाला हवा जाते त्या तोंडाशी) फुसफुस आली तर इनटेकचा वॉल्व गळतोय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा. ऑइल भरायच्या तोंडाशी आली तर रिंगा गेल्यात. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बुडबुडे दिसले तर हेडचं पॅकिंग तरी गेलंय, नाहीतर हेडला क्रॅक आहे.

या दोन्ही टेस्टा एकत्र का वाचायच्या, ते मला एका इंजिनाने शिकवलं. 2019 च्या महापुरानंतरची गोष्ट. एका पोराने बाहेरून लख्ख धुतलेलं इंजिन आणलं. विकणारा म्हणाला होता, "गाडी पाण्यात नव्हती." कॉम्प्रेशन घेतलं: 13, 13.1, 11.8, 13. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं. रिंगा गेल्या असत्या तर आकडा चढला असता, इथे जेमतेम हलला. वॉल्व असेल म्हणून लीकडाऊन लावली, तर तिसरा सिलिंडर सहा टक्के. चौघांत सगळ्यात घट्ट तोच. हवा कुठूनच जात नाही आणि तरी दाब कमी! हेड उतरवलं, डायल गेज लावून एकेक पिस्टन टॉपला आणला. तिसरा बाकीच्यांपेक्षा 0.8 मिलिमीटर खाली थांबत होता. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकला होता. त्या सिलिंडरने पाणी ओढलं होतं, पाणी काही दबत नाही, मग रॉडलाच वाकावं लागलं. विकणाऱ्याने ऑइल बदललं, प्लग बदलले, इंजिन सुरूही झालं. आवाज ऐकून कुणालाही कळलं नसतं. साध्या गाडीत ते कदाचित वर्षभर चाललंही असतं. टर्बोने अर्धा बार बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, दिला की सिलिंडरात जवळजवळ दीडपट हवा जाते. वाकलेल्या रॉडवर तो दाब आला की रॉड मोडून ब्लॉकच्या बाहेर यायला एक धाव पुरते. माणूस आत बसलेला असतो, हे मी प्रत्येक वेळी स्वतःला सांगतो.

टर्बोच्या कामात चार सिलिंडर सारखे असणं मला मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ट्यूनिंग करताना ऑक्सिजन सेन्सर एकच असतो आणि तो चौघांची सरासरी दाखवतो. एखाद्याचं बिनसलं तरी स्क्रीनवर सगळं छान दिसतं. रिंगा ढिल्या असलेला सिलिंडर ऑइल वर ओढतो. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलं की नॉकिंग (पेट्रोल नको तिथे, नको तेव्हा पेटणं) लवकर सुरू होतं, आणि पिस्टनला रिंगांच्या मधे जो पातळ काठ असतो तो पहिल्यांदा तुटतो.

ऑइल प्रेशरही गरम इंजिनावरच बघा. ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे मीटर लावायचा. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना हिशोब मला आजही पुरतो. टर्बोच्या बेअरिंगलाही ऑइल याच पंपातून जाणार आहे. गाडी कधी तापून बंद पडली असेल तर हेडवर सरळपट्टी आणि फीलर गेज ठेवा, 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. आणि ब्लॉकमधले हेड बोल्टचे आटे बोट फिरवून तपासा. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, आटे सोलले जातात.

सगळ्यात जास्त पैसे कुठे वाया जातात ते सांगतो: पिस्टन आधी मागवण्यात. त्याच पोराने पुढे दुसरं इंजिन आणलं. चारही सिलिंडर 12.4. तो हिरमुसला, कारण कुणीतरी त्याला 14 सांगितलं होतं. मी म्हटलं, हे घ्यायचं. गळती चारीकडे सारखी आणि रिंगांतूनच होती, म्हणजे प्रामाणिक झीज. पण त्याने फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या, जास्त मजबूत) पिस्टनचा 74 चा सेट आधीच घेऊन ठेवला होता. उद्यमनगरात, लेथवाल्याकडे, बोअर गेज लावला तर वरच्या रिंगच्या जागी 74.09 आणि तळाला 74.01. नुसतं होनिंग (आतून हलकं घासणं) करून तो निमुळतेपणा जाणार नव्हता, रिबोअर, म्हणजे सिलिंडर कापून मोठा, करावाच लागणार होता. पिस्टनचा खोका त्याच्या हातात होता, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. विकणाऱ्याला फोन लावून त्याने विचारलं, "भाऊ, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइजचा सेट बदलून मिळेल का?" तेरा दिवसांनी सेट आला. लेथवाल्याने आधी ते चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजले, प्रत्येकावर पेनाने माप लिहिलं, आणि मगच पहिला सिलिंडर मशीनवर चढवला.